हाताला मुंग्या येतात तेव्हा...

"हात झोपला यार!" हे वाक्य होस्टेलवर दिवसातून एकदा तरी कानावर पडतंच. लेक्चरला हाताची उशी करून डुलकी काढली की हात झोपतो, मग दोन-चार वेळा झटकला की जागा होतो. विषय संपला. पण मित्रांनो, एक दुसराही प्रकार असतो. त्यात हात झोपत नाही, माणसाला झोपू देत नाही. रात्री दोन-अडीचला बोटांत झिणझिण्या येतात, तळहात जड होतो, कधी ठणका कोपरापर्यंत चढतो. माणूस उठून बसतो, हात झटकतो, पाच-दहा मिनिटांनी परत आडवा होतो. सकाळी सगळं ठीक असतं, त्यामुळे कुणाला काही सांगितलंही जात नाही.

हा लेख त्या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. माझं म्हणणं सरळ आहे. एक तर आपण हे दुखणं दोनच खात्यांत टाकतो: जुनी माणसं म्हणतात 'वात आहे', आणि आपण मोबाईलवर दोन मिनिटं वाचून म्हणतो 'कार्पल टनेल'. या दोन्हींच्या मधे मानेपासून तळव्यापर्यंत पसरलेले स्नायू आहेत, त्यांची चौकशीच होत नाही. आणि दुसरं म्हणजे, ज्यांचे हात सगळ्यात जास्त राबतात, त्यांच्या दुखण्याला आपण दुखणंच मानत नाही.

आधी थोडी वायरिंग समजून घेऊ. आपण इंजिनिअर लोक, हे आपल्याला पटकन कळेल. मेंदूकडून हाताकडे येणाऱ्या नसा मानेच्या मणक्यांतून निघतात. मानेच्या बाजूला स्केलीन नावाचे स्नायू असतात, त्यांतल्या दोघांच्या फटीतून हा जुडगा बाहेर येतो. मग पहिली बरगडी आणि गळपट्टीचं हाड यांच्यामधून, नंतर छातीच्या पेक्टोरॅलिस मायनर या लहान स्नायूखालून तो काखेत उतरतो. पुढे त्याच्या वेगवेगळ्या केबल होतात. करंगळीकडे जाणारी अल्नार नस कोपराच्या मागून जाते. कोपर टेबलाच्या कडेला आपटलं की जी वीज चमकते, ती हीच. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांची मेडियन नस मनगटातल्या बोगद्यातून जाते. या बोगद्याला तीन बाजूंनी हाडं आणि वर एक जाड पट्टा. आत नऊ स्नायुबंध म्हणजे टेंडन आणि त्यांच्या गर्दीत ही एकटी नस. म्हणजे एकाच कंड्युटमधे नऊ ओढायच्या दोऱ्या आणि एक सिग्नल केबल! दोऱ्या जरा फुगल्या तर चेपणार कोण? केबलच.

आता रात्रीच का? कारण झोपेत आपण मनगट दुमडून, मूठ आवळून, कधी हात उशीखाली कोंबून झोपतो. १९८१ मध्ये अमेरिकेत गेल्बरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बोगद्यातला दाब प्रत्यक्ष मोजला. निरोगी माणसाचं मनगट सरळ असताना दाब सरासरी अडीच मिलिमीटर पारा इतकाच भरला. मनगट दुमडलं की तो तीसच्या घरात गेला. ज्यांना त्रास होता त्यांचा दाब मनगट सरळ असतानाच तीसच्या वर होता, आणि दुमडल्यावर नव्वदच्या पुढे! शिवाय दिवसभर पायाकडे उतरलेलं अंगातलं पाणी आडवं झाल्यावर हातांकडेही पसरतं, आणि हात हलत नसल्याने ते पुढे ढकललं जात नाही. उठून हात झटकला की दाब उतरतो, म्हणून बरं वाटतं. डॉक्टर लोक ही झटकण्याची खूण मुद्दाम विचारतात.

इथवर बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. पण पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. त्या नऊ दोऱ्या ओढतं कोण? कोपराखालच्या हातातले स्नायू. मुठीत कोयता धरला, कपडे पिळले, कणीक मळली की काम या स्नायूंचं होतं आणि घर्षण बोगद्यात होतं. तळहातातले लंब्रिकल नावाचे बारीक स्नायू तर मूठ घट्ट मिटली की सरकून त्या बोगद्याच्या तोंडाशी आत येतात. आधीच भरलेल्या लोकलमध्ये आणखी चार जण चढावेत तसं. म्हणून मूठ आवळून झोपणाऱ्याला त्रास जास्त.

कोपराशीही तीच गोष्ट. अल्नार नस कोपरामागे एका स्नायूच्या दोन मुळांमधून आत शिरते. कोपर पूर्ण दुमडून, हात गालाखाली घेऊन झोपलं की ती ताणली जाते आणि चेपतेही. मग करंगळी बधिर. आणि वर मानेजवळ? तिथले स्केलीन स्नायू आखडले, किंवा खांदे पुढे पाडून बसण्याच्या सवयीने पेक्टोरॅलिस मायनर आखूड झाला, तर संपूर्ण जुडग्यावरच दाब येऊ शकतो. असा माणूस हात डोक्यावर घेऊन झोपला की हात जड पडतो. पलंगावर पोटावर लॅपटॉप ठेवून मान पुढे काढून बसणारे आपण सगळे, जरा आरशात स्वतःचे खांदे बघा!

आणखी एक गंमत आहे. स्नायू दुखतो एका जागी आणि कळ जाणवते दुसरीकडे. १९३८ मध्ये लंडनच्या केलग्रेन यांनी माणसांच्या स्नायूंत तीव्र मिठाचं पाणी टोचून कळ कुठे उमटते त्याचे नकाशेच काढले. पुढे जॅनेट ट्रॅव्हेल यांनी (या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर होत्या) डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत १९८३ मध्ये यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात स्केलीन स्नायूतल्या गाठीची कळ अंगठा-तर्जनीपर्यंत उतरते, खांद्याच्या फऱ्यावरच्या स्नायूची कळ दंडावरून हातात उतरते, असं दाखवलं आहे. त्यांच्या 'गाठी'च्या सिद्धांतावर आजही वाद आहेत, सगळे डॉक्टर तो मानत नाहीत. पण कळ दूरवर उमटते हे मात्र नक्की. आपल्या भाषेत सांगायचं तर पॅनलवर दिवा जिथे लागतो, फॉल्ट तिथेच असतो असं नाही.

हे सगळं मला का सुचलं? कारण मी आंजर्ल्याचा. दापोली तालुक्यातलं, खाडीच्या तोंडावरचं, कड्यावरच्या गणपतीचं गाव. फोटोत आमचं गाव फार सुंदर दिसतं: समुद्र, नारळ-पोफळीच्या वाड्या, कासवांची पिल्लं पाण्याकडे जाताना. पण हा फोटो ज्या हातांवर उभा आहे ते हात कुणी फोटोत घेत नाही. सुपारी वाळली की सोलायला बसायचं, ते एक दिवस नाही, कित्येक दिवस. नारळ सोलायचे, फोडायचे, विळीवर बसून खवायचे. पावसाआधी लाकूडफाटा, कोकम, आंबोशी. काजूच्या दिवसांत बिया. पलीकडे हर्णै बंदरावर कोळणी मासळी निवडतात, कोळंबी सोलतात, तीही बर्फातली. जाळी विणणाऱ्यांची बोटं वेगळीच. आणि हल्ली पर्यटक येतात, त्यांना घरगुती जेवण हवं, उकडीचे मोदक हवेत. मोदकाची एक एक कळी म्हणजे अंगठा आणि तर्जनीची एक एक चिमूट. एका मोदकाच्या कळ्या मोजा, त्याला पन्नास मोदकांनी गुणा. चिमटीत थोडा जोर लावला तरी आत टेंडनवर त्याच्या कितीतरी पट ताण येतो, हे स्टॅटिक्स शिकलेल्याला वेगळं सांगायला नको.

त्यात ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. आमच्या पट्ट्यातल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. आडवं झाड नुसतं पडून राहत नाही मित्रांनो, ते कुणाला तरी कापावं लागतं. करवत, कोयता, कुऱ्हाड, ज्यांना मिळाली त्यांना यांत्रिक करवत. कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा पंप बंद, पाणी हातानं ओढायचं. जोराची पकड, तेच तेच काम आणि हादरे, या तीन गोष्टी हाताच्या नसांना वाईट हे वैद्यकशास्त्र सांगतं. त्या पावसाळ्यात आमच्याकडे तिन्ही एकदम आल्या. नुकसानीचे पंचनामे झाले, त्यात झाडं मोजली, कौलं मोजली. हात मोजायचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो.

माझी आई त्याच पावसाळ्यानंतर रात्री उठून बसायला लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगो, वात तो. तेल लाव नि झोप." कुणी ताकदीची गोळी सांगितली, कुणी इंजेक्शन. वर्षभराने दापोलीला एका डॉक्टरांनी नीट तपासलं. मनगटं दुमडून एक मिनिट धरायला लावली, बोटं एकेक करून विचारली, मग मान वळवून, हात वर करून बघितलं. निघालं काय, तर उजव्या मनगटात नस चेपली होती आणि त्याच बाजूचे मानेचे, खांद्याचे स्नायू दगडासारखे झाले होते. दोन्ही. नुसतं मनगट धरून बसलो असतो तरी अर्धं दुखणं राहिलं असतं, नुसती मालीश केली असती तरी अर्धं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, मानेचे सोपे व्यायाम, आणि विळी पाटावरून उचलून ओट्यावर. दोन-अडीच महिन्यांत रात्रीचं उठणं बरंच कमी झालं. पण मला वाईट कशाचं वाटलं सांगू? डॉक्टरांनी "काम काय करता?" विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "काही नाही, घरीच असते."

हीच खरी मेख आहे. आपल्याकडे माऊसला दुखण्याचं नाव मिळालं, विळीला मिळालं नाही. कॉम्प्युटरवाल्यांसाठी खास खुर्च्या, जेलचे पॅड, वाकडे कीबोर्ड सगळं बाजारात आहे. आता पुरावा बघा. २००३ मध्ये डेन्मार्कमध्ये सुमारे ७,००० तांत्रिक कर्मचाऱ्यांवर वर्षभर लक्ष ठेवून अभ्यास झाला. त्यात कीबोर्डमुळे कार्पल टनेल होतं असं दिसलं नाही. आठवड्याला वीस तासांहून जास्त माऊस वापरणाऱ्यांत मात्र मुंग्यांच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या. उलट जोर लावून, तेच तेच, किंवा हादऱ्यांचं काम करणाऱ्या हातांना हा धोका मोठा, हे वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणजे पुरावा कोयत्याकडे बोट दाखवतो आणि आपण पॅड माऊसखाली सरकवतो! कीबोर्डवाल्यांनी काळजी घेऊ नये असं मी म्हणत नाही. मान आणि खांदे त्यांचेही आखडतातच. पण ज्याच्याकडे पैसे आणि शब्द आहेत त्याच्याच दुखण्याला नाव मिळतं, हे काही बरं नाही.

बरं, आता व्यवहाराचं बोलू. रात्री मुंग्या येत असतील तर आधी एक वही घ्या (जर्नल नको, ती आधीच खूप आहेत) आणि आठवडाभर तीन गोष्टी लिहा: कुठली बोटं, किती वाजता, आणि कुठल्या अवस्थेत झोपला होता. अंगठ्याकडची तीन-साडेतीन बोटं असतील तर मनगटाचा संशय जास्त, मानेचाही थोडा. करंगळीकडची दीड बोटं असतील तर कोपर. अख्खा हात मोघम जड पडत असेल आणि हात वर घेतल्यावर वाढत असेल तर मान-खांदा-छातीचे स्नायू बघायला हवेत. दोन्ही हातांना आणि पायांनाही मुंग्या असतील तर गोष्ट वेगळी. तिथे साखर, थायरॉईड आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावं. पूर्ण शाकाहारी मुलांमध्ये बी-१२ कमी असणं आपल्याकडे मुळीच दुर्मिळ नाही. पण म्हणून न तपासता 'ताकदीची सुई' घेत सुटू नये. दिवसातही बोटं बधिर राहत असतील, हातातून वस्तू निसटत असतील, अंगठ्याच्या बुंध्याचा मांसल उंचवटा चपटा होत असेल, चालताना तोल जात असेल, तर थांबू नका. मालीश बंद, डॉक्टर चालू. वाळलेला स्नायू नंतर ऑपरेशन करूनही पूर्ण भरून येईलच असं नाही. आणि छातीत दुखून हात भरून आला, किंवा अचानक एका बाजूचा हात लुळा पडून तोंड वाकडं झालं, तर तो या लेखाचा विषयच नाही, सरळ हॉस्पिटल गाठा.

साध्या त्रासाला साधे उपाय. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा मेडिकलमध्ये मिळतो, तो पाच-सहा आठवडे नेमाने लावावा. घट्ट आवळायचा नाही, सरळ ठेवणं हेच त्याचं काम. हात उशीखाली किंवा डोक्यावर घेऊन झोपणं बंद. कोपर फार दुमडत असेल तर त्याला टॉवेल गुंडाळून झोपायचं. कामात दर अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटं हात मोकळे सोडायचे, खांदे मागे फिरवायचे. सबमिशनच्या आदल्या रात्री शंभर पानं उतरवणाऱ्यांनी पेनावरची पकड जरा सैल करावी. फिटिंग शॉपमध्ये जॉबवर कानस मारताना मनगट वाकडं करून नको, खांद्यातून जोर लावा, असं सर का ओरडतात ते आता कळलं असेल.

पण माझा मुद्दा एवढ्यावर संपत नाही. हात बदलता येत नाही, हत्यार बदलता येतं. आणि हत्यार बदलणं हे डॉक्टरांचं काम नाही, आपलं आहे. दरवर्षी फायनल इयरला किती लाइन फॉलोअर रोबो होतात? काळ्या पट्टीवरून चालून ते जातात कुठे, तर कपाटात! त्याऐवजी एखाद्या ग्रुपने सुपारी सोलायचं असं साधन करून बघावं, ज्यात मनगट सरळ राहील आणि जोर दंडातून येईल. कोयत्याच्या मुठीचा व्यास बदलून पकडीचा जोर किती कमी होतो ते मोजावं. विळीची उंची बदलून बघावी. याला सेन्सर लागतात, गणित लागतं, डिझाइन लागतं, म्हणजे प्रोजेक्टला मार्क मिळायला हवं ते सगळं आहे. दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासून. तिथे कृषी अभियांत्रिकीचं कॉलेजही आहे. गाईड हवा असेल तर विचारायला जागा आहे.

आणि आंजर्लं लांब वाटत असेल तर आपल्या मेसच्या मागच्या दाराने आत जा. तिथे मावशी पोळ्या लाटतात. आपण चारशे मुलं. माणशी चार पोळ्या धरा, दोन वेळा. गुणाकार तुम्हीच करा, आणि त्याला मावशींच्या संख्येने भागा. मी विचारलं, तर पाचपैकी तिघी रात्री हात झटकत उठतात. तिघींनीही हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. का, तर "सांगून काय होणार बाळा? पोळ्या कमी होणारेत का?"

यावर दोन आक्षेप येतात, तेही ऐकू. पहिला: राबणारे हात दुखणारच, आपल्या आज्या नाही का राबल्या? राबल्या. त्यांची दुखणी कुणी विचारली नाहीत, म्हणून ती नव्हती असं नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: यंत्र आलं तर मावशींचं काम जाईल. ही भीती खुद्द मावशींनाच आहे, तिला हसण्यावारी नेऊ नये. म्हणून मी पोळ्यांचं यंत्र मागत नाही. मी मागतो कणीक मळायचं यंत्र. कारण मनगटाचा खरा कस मळण्यात लागतो, आणि मळण्याचं काम गेलं म्हणून लाटणारं माणूस कमी होत नाही. सोबत ओट्याची उंची मावशींच्या कोपराशी जुळवून घ्यावी, लाटणं आणि भाजणं आलटून-पालटून द्यावं, आणि वर्षातून एकदा आपल्या हेल्थ चेकअपच्या दिवशी मावशींचेही हात तपासावेत. गॅदरिंगच्या एका रात्रीच्या साउंड सिस्टिमच्या खर्चाशी तुलना करून मेस कमिटीने आकडे मांडावेत, मग बोलू. रेक्टर सरांनी हे वाचलं तर त्यांनाही हीच विनंती.

कुणी म्हणेल, इंजिनिअरिंगच्या मासिकात हे काय डॉक्टरी! पण लोड कुठे येतो, फेल्युअर कुठे दिसतो आणि खरा दोष कुठे असतो, हे शोधणं आपल्याला चार वर्षं शिकवतात. पुलाच्या खांबाला तडा गेला तर आपण खांबाला तेल लावत नाही, आणि "जुना आहे, दुखणारच" असंही म्हणत नाही. मग माणसाच्या हाताला वेगळा न्याय का?

तेव्हा आज रात्री जेवताना पोळी वाढणाऱ्या मावशींना एवढंच विचारा: "मावशी, रात्री हाताला मुंग्या येतात का?" उत्तर 'हो' आलं, तर कुठली बोटं तेही विचारा. आणि मेस कमिटीच्या पुढच्या मीटिंगला या. गुरुवारी, साडेआठला, जेवण झाल्यावर.